पहिली पुडी

नलूकाकी गिरणीच्या तोंडावर मूठ धरून उभी होती. मूठ आता उघडणार, एवढ्यात अभय मोबाइल पुढे करत आत आला आणि म्हणाला, "आई, थांब. आधी हे बघ."

काकी थांबली नाही. मुठीतले दाणे तिने आत सोडले, हात जोडले, बटण दाबलं आणि मग पदराला हात पुसून चष्मा लावला. गिरणीबाबत तिचे दोन नियम होते. गिरणी रिकामी फिरवायची नाही, आणि ती फिरत असताना भांडायचं नाही. त्यातला दुसरा नियम त्या सकाळी मोडला.

मोबाइलवर एका स्वयंपाकघरातला व्हिडिओ होता. पस्तिशीची एक बाई, मागे ओट्यावर कुकर, पुढे ताटात थालीपीठ. डोळे रडून सुजलेले, आवाज मात्र वर्गात हजेरी घ्यावी इतका स्वच्छ.

"मी प्रणिता सूर्यवंशी, विट्याहून बोलतेय. आज माझी एकविसावी संकष्टी. माझे मिस्टर पालघरला शिक्षक आहेत. त्यांची बदली इकडे व्हावी म्हणून मी एकवीस संकष्ट्या बोलले होते. विसावी झाली आणि ऑर्डर आली, पण तिकडून अजून त्यांना सोडत नाहीत. आज शेवटची होती." तिने थालीपीठ उचललं, रुमालासारखी त्याची घडी घातली आणि परत उलगडलं. "उपवासाचं थालीपीठ असं दुमडतं का हो? एक चीर नाही. यात कणीक आहे. अर्धं पोटात गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आता मी काय करायचं, ते या लोकांनीच मला सांगावं."

आणि शेवटी, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलेली आमची पुडी. निगुती उपवास भाजणी, कराड.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून 'निगुती'त गुणवत्ता तपासनीस म्हणून लागलो, त्याला काही महिनेच झाले होते. काकीला परवान्यासाठी शास्त्र शिकलेला माणूस कागदावर हवा होता. मी कागदावर न राहता रोज यायला लागलो, याचं तिला जरा आश्चर्यच वाटायचं. खिडकीजवळच्या टेबलावर मी माझा कॉलेजमधला जुना सूक्ष्मदर्शक मांडला होता. त्याला खाली आरसा होता आणि तो उन्हावर चालायचा. भाजणी भाजणाऱ्या बायका त्याला दुर्बीण म्हणायच्या आणि मला दुर्बीणभाऊ. तयार झालेल्या प्रत्येक पिठाची चिमूट मी त्याखाली बघायचो. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. प्रत्येक धान्याच्या पिठाचा कण वेगळा दिसतो, आणि ते बघायला मला आवडायचं, एवढंच.

काकीला तो व्हिडिओ पटला नाही. पटण्यासारखं काही नव्हतंच. आमच्याकडे उपवासाची भाजणी सगळ्यांत आधी दळली जायची. आदल्या संध्याकाळी भाजणाऱ्या बायकांतली रत्नाक्का गिरणीचे दगड उघडून ब्रशने झाडायची, कापडाने पुसायची, आणि सकाळी पहिलं दळण उपवासाचं. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी हे सगळं त्यानंतर. अभयने एवढंच विचारलं की दगडांत आदल्या दिवशीचं काही राहिलं असेल का, तर रत्नाक्काने हातातला झारा खाली ठेवला.

"माझ्या घरातली परात नसंल इतका तो दगड सोच्छ आसतोय," ती म्हणाली. "तुमी येऊन चाटून बघा."

अभय चाटायला गेला नाही. तो पुण्यातली मार्केटिंगची नोकरी सोडून वर्षापूर्वी परत आला होता आणि 'निगुती'चं ऑनलाइन काम तोच बघायचा. तक्रार आली की आपोआप उत्तर जाईल अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. ती सोय त्या सकाळी त्याच्याआधी जागी झाली. ज्या बाईची एकविसावी संकष्टी मोडली होती, तिला आमच्याकडून असं उत्तर गेलं: 'आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल धन्यवाद! पुढील खरेदीवर दहा टक्के सूट. कूपन कोड: मोदक.'

व्हिडिओ पाहणारे हजारांत होते. या उत्तराचा फोटो त्याहून लांब गेला. 'उपवास मोडा, सूट मिळवा' असं लिहिलेलं एक चित्र दुपारपर्यंत माझ्या आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर येऊन पोचलं, आणि मी काम करतो तीच ही कंपनी का, असा आईचा फोन आला.

खालच्या प्रतिक्रिया मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या वाचल्या. बऱ्याच शिव्याच होत्या. एकीने लिहिलं होतं, 'मीपण यांचीच भाजणी आणते. वटपौर्णिमेलापण हीच खाल्ली होती. तरीच.' तरीच म्हणजे काय ते लिहिलं नव्हतं, पण नवऱ्याला टॅग केलं होतं. मध्येच कुणीतरी म्हणालं की यात जिरंही आहे आणि जिरं मुळात उपवासाला चालत नाही. तिथून वेगळंच भांडण लागलं. आमच्याकडे जिरं चालतं. आमच्याकडे तर कोथिंबीरही चालते. मग सरळ वरणभातच खा ना. कॉफी चालते का? भगर म्हणायचं की वरी? अमरावतीची एक बाई आणि रत्नागिरीची एक बाई यांचं भेंडीवरून इतकं जुंपलं की 'निगुती'चं नाव दोघी विसरून गेल्या. कुठल्या जिल्ह्यात काय चालतं याचा नकाशा काढावा असं मला फार वाटलं. अभय म्हणाला, ही ती वेळ नाही.

खरंच नव्हती. दहा-बारा दिवसांवर नवरात्र आलं होतं. नऊ दिवस उपवास करणाऱ्यांच्या जिवावर 'निगुती'चं अर्धं वर्ष चालायचं. राजगिऱ्याची आणि भगरीची पोती भिंतीला छतापर्यंत लावलेली होती, दळण सुरू झालं होतं, आणि सांगली-कोल्हापूरच्या दुकानदारांचे फोन एकापाठोपाठ एक येत होते. सगळ्यांचं म्हणणं एकच. आधी ते निस्तरा, मग माल पाठवा. नवरात्र हातचं गेलं असतं तर भट्टीवरच्या चौदा बायकांना दिवाळीपर्यंत बसवून ठेवायला काकीकडे काही उरलं नसतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. त्या दुपारी भट्टीवर कुणी गाणं म्हटलं नाही.

मी माझं काम केलं. दर घाण्यातली चमचाभर भाजणी मी बाटलीत ठेवायचो. विट्याला गेलेल्या पुडीवरची तारीख व्हिडिओत दिसत होती. त्या दिवसाची बाटली काढली, पाण्याचा थेंब, आयोडीनचा थेंब, वर काच. राजगिऱ्याचे कण धुळीसारखे बारीक असतात. भगरीचे छोटे, कोपरे असलेले. साबुदाण्याचे फुगून आकार हरवलेले. सगळं जागच्या जागी होतं. गहू नव्हता. चार काचा केल्या, चारही स्वच्छ.

अभयने माझी पाठ थोपटली. अर्ध्या तासात त्याने दोन मजकूर तयार केले. एक लोकांसाठी, 'प्रयोगशाळेत तपासणी, शंभर टक्के शुद्ध'. दुसरा वकिलाकडून विट्याला पाठवायचा. दोन्ही त्याने काकीला वाचून दाखवले.

मी म्हणालो की मी प्रणिताबाईंची पुडी तपासलेली नाही. मी घाण्याच्या मधलं पीठ तपासलं आहे. एवढ्या पिठात वर, खाली, मध्ये सारखंच असेल असं धरून चाललो, पण ते धरलेलंच आहे. अभयने मला विचारलं की मी नक्की कुणाच्या बाजूने आहे. मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, पुडीच्या.

काकीने दोन्ही मजकूर बाजूला ठेवले. "ती बाई विचारतेय, आता मी काय करायचं," ती म्हणाली. "ह्यात त्याचं उत्तर कुठंय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही विट्याला गेलो. अभय गाडी चालवत होता, काकी पुढे बसली होती, आणि मागे मी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन. पुडी दारात मागून कराडला आणणं मला बरं वाटत नव्हतं. उद्या कुणी म्हटलं असतं की वाटेत बदलली. जे काही बघायचं ते तिच्यासमोर.

दार प्रणिताबाईंनीच उघडलं. काकीने नमस्कार केला. "मी 'निगुती'ची नलिनी खटावकर. तुम्ही विचारलंत, आता काय करायचं. उत्तर मला माहीत नाही. पण ते फोनवर सांगणं बरं दिसेना, म्हणून आले."

प्रणिताबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग अभयकडे बघून विचारलं, "कूपनवाले तुम्हीच का?"

अभय हो म्हणाला.

"वापरून बघितलं मी. चाललं नाही."



पुडी त्यांनी स्टीलच्या डब्यात बंद करून ठेवली होती, जणू कुणी पंचनाम्याला येणार होतं. मी खिडकीजवळच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उन्हाकडे वळवला. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि थेंब कशाचा, काच का, असं एकेक विचारत राहिल्या. काच सरकवून मी बघितलं आणि मला पहिल्या नजरेतच ते दिसले. मोठे, गोल, मसुरीच्या डाळीसारखे चपटे कण आणि त्यांच्यामध्ये बारीक कणांची रांगोळी. गहू. थोडाथोडका नाही, जिथे काच हलवावी तिथे.

"आहे," मी म्हणालो. "तुमचं बरोबर आहे."

मी उठून त्यांना बसायला दिलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. मग काकीने बघितलं. काकीचा चेहरा उतरला. "रत्ना असं करायची नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

रत्नाक्काचा काही संबंध नव्हता, आणि ते मला त्याच काचेवर दिसत होतं. आमच्या थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, पण भाजलेला. भाजलेल्या गव्हाचे कितीतरी कण फुगलेले, तडकलेले दिसतात. हे कण मात्र आखीव होते, एकाही कडेला धक्का नाही. हा गहू कच्चा होता. म्हणजे आदल्या दिवशीच्या भाजणीतून राहिलेला नव्हता. मी हे सांगितलं आणि विचारलं, "काकी, आपल्याकडे सगळं भाजूनच दळतात. कच्चा गहू गिरणीत जातो कुठून?"

 काकी टेबलावरची रिकामी होत आलेली पुडी हातात घेऊन उलटसुलट बघत होती. पुडीच्या कोपऱ्यावर एक फिकट डाग होता, पिवळ्यावर लाल.

"हे हळदकुंकू आधीपासून होतं?" तिने विचारलं.

"दुकानातच होतं," प्रणिताबाई म्हणाल्या. "सगळ्या पुड्यांत ह्या एकीलाच लावलेलं होतं. म्हटलं, शेवटची संकष्टी आहे, हीच घ्यावी."

काकी हळूच अभयकडे वळली. "ही पुडी दुकानात कशी गेली?"

अभयला ते सांगायला लागलं. दर घाण्याला गोदामात एक पुडी कमी भरत होती. स्टॉक जुळत नव्हता. शोध घेतल्यावर त्याला गिरणीमागच्या कोनाड्यात एक पुडी दिसली. गौरी जेवणाचा दिवस होता, काकी सकाळी दळण सुरू करून घरी निघून गेली होती. विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ती पुडी खोक्यात भरून टाकली. स्टॉक जुळला.

"ती पहिली पुडी होती," काकी म्हणाली. "पहिली पुडी विकायची नसते."

आणि मग तिने खुर्चीत बसून सांगितलं. तिची सासू जात्यावर दळायची. बसली की आधी मूठभर गहू जात्याला. तो जात्याचा घास. दगडावर दगड फिरवायचा नाही, पहिला घास त्याचा. अकरा वर्षांपूर्वी जातं जाऊन ही गिरणी आली तरी काकी रोज सकाळी पहिल्यांदा तेच करायची. त्यामागून जे पीठ यायचं त्याच्या पहिल्या पुडीला रत्नाक्का हळदकुंकू लावून कोनाड्यात ठेवायची.

मी तिला ती मूठ सोडताना रोज बघत होतो. आदल्या दिवशीही, अभय मोबाइल घेऊन आला तेव्हा. त्यात काय आहे हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पण तो गहू पिठात कुठं घातलाय मी?" काकी म्हणाली. "तो गिरणीला घातलाय."

ती हे खरंच विचारत होती. अकरा वर्षं तिच्या मनात तो घास गिरणीच्या पोटात जाऊन तिथेच राहत होता. मी तिला सांगितलं की गिरणी काही ठेवून घेत नाही. मूठभर गहू पहिल्या पुडीत येतो. दुसरीत नावापुरता असेल, तो मला बघावा लागेल. मधल्या पिठात नाही, ते मी बघितलंच आहे. उपवासाची भाजणी सगळ्यांत स्वच्छ राहावी म्हणून सगळ्यांत आधी दळायची, आणि सगळ्यांत आधी म्हणूनच गहू तिच्याच वाट्याला. हे बोलता बोलता मला एक गोष्ट सुचली आणि ती विचारल्याशिवाय राहवेना.

"काकी, मग आधीच्या सगळ्या पहिल्या पुड्या कुठे गेल्या?"

"माझ्या घरी."

"खाल्ल्या कुणी?"

"मी," काकी म्हणाली. "ह्याला आवडत नाही ती."

 काकी सोमवार करायची. दोन्ही एकादश्या करायची. संकष्टी करायची, नवरात्राचे नऊ दिवस करायची. मी मनात मांडत होतो आणि तीही मांडत असावी, कारण तिचे ओठ हलत होते. पहिल्यांदा हसल्या प्रणिताबाई. तोंडावर हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग काकी. दोघी अशा हसल्या की जिन्यात कुणीतरी थांबून काय झालं म्हणून विचारून गेलं.

"अकरा वर्षं जेवून उपवास केले मी," काकी डोळे पुसत म्हणाली.

प्रणिताबाई हसायच्या थांबल्या. आता त्यांना खरंच विचारायचं होतं. खुर्ची जवळ ओढून त्या म्हणाल्या, "काकू, एक सांगाल? इतकी वर्षं असं झालं, तर तुमचं काही वाईट झालं?"

काकीने घाईने नाही म्हटलं नाही. तिने विचार केला. "धंदा वाढला," ती म्हणाली. "गुडघे होते तसेच आहेत. बहिणीचं ऑपरेशन नीट झालं, त्याला मी सोमवार बोलले होते. वाईट म्हणशील तर एवढंच, हा पुण्याहून परत आला."

"आई," अभय म्हणाला.

एका माणसाच्या अनुभवावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, तुलनेला गहू न खाता उपवास केलेली दुसरी काकी हवी, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

"हे बघ," काकी आता तिला एकेरीच हाक मारत होती, "मी काही शास्त्र सांगणारी नव्हे. पण उपवास तू केलास आणि गहू मी घातला. तुझं ते तुझ्या नावावर, माझं माझ्या. तरी मनात राहत असेल, तर पुढची संकष्टी आपण दोघी करू. भाजणी तुझ्यासमोर दळून देते. मी तर अकरा वर्षं मागे आहे, मला कुठूनतरी सुरुवात करायलाच हवी."

प्रणिताबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आणि हे बाहेर सांगाल तुम्ही? मुठीचं?"

अभयने सांगितलं की बाहेर सांगायचा मजकूर सावध असावा लागतो. एका पुडीत तांत्रिक कारणाने दोष, अशा प्रकारचा. बोलता बोलता त्याचं आईकडे लक्ष गेलं, तसा तो गप्प झाला. काकीने पदर सारखा केला आणि प्रणिताबाईंना म्हणाली, "तुझ्याच फोनवर घे. लोक तुझं ऐकतायत."

तो दुसरा व्हिडिओ त्याच स्वयंपाकघरात झाला, त्याच कुकरसमोर. काकी कॅमेऱ्याकडे न बघता प्रणिताबाईंकडे बघत बोलली. मूठ, घास, कोनाडा, स्टॉक, सगळं क्रमाने. त्या तारखेच्या पुड्या दुकानात परत द्या, पैसे मिळतील. नवरात्राची भाजणी नव्याने दळली जाईल. "ज्यांनी पहिली पुडी खाल्ली अशी एक ही, आणि दुसरी मी," ती शेवटी म्हणाली. "हिची माफी मागितली. माझी मी बघून घेईन."

अभयने त्यावर काही लावलं नाही. गाणं नाही, कंपनीचं चिन्ह नाही.  परतताना वाटेत त्याने विचारलं की आपोआप उत्तरं बंद कशी करायची ते मला माहीत आहे का.

संध्याकाळी मी प्रतिक्रिया वाचल्या. बहुतेक लोक हसत होते. काही जणांना आपापल्या सासवा आठवल्या होत्या. गिरणीला घातलेला घास पिठात धरायचा की नाही यावर अमरावती आणि रत्नागिरी पुन्हा समोरासमोर आल्या होत्या, आणि वटपौर्णिमावाल्या बाईने लिहिलं होतं, 'म्हणजे आमच्या ह्यांचं कारण दुसरं असणार.'

कोल्हापूरच्या दोन दुकानदारांनी माल पुन्हा कधीच घेतला नाही. बाकीच्यांचे फोन दोन-तीन दिवसांत आले. काहींनी आधी मुठीचं खरं का ते विचारलं आणि मग माल मागितला. नवरात्रासाठी दळलेले सुरुवातीचे घाणे काकीने बाजूला काढले, आणि त्या आठवड्यात कारखान्यात दुपारच्या चहाबरोबर सगळ्यांना थालीपीठ मिळालं. दुमडलं तरी चिरत नव्हतं. रत्नाक्काने तीन खाल्ली आणि म्हणाली की गहू घातल्यानं चव सुधारलीय.

नव्या घाण्याच्या सकाळी आम्ही सगळेच गिरणीभोवती जमलो होतो. दगड झाडून झाले होते. काकी मूठ रिकामी घेऊन उभी होती आणि तिच्याच्याने बटण दाबवत नव्हतं. गहू घालायचा नाही हे ठरलं होतं. पण रिकामी फिरवायची कशी? मी भगरीच्या पोत्यातून ओंजळभर दाणे आणून तिच्यापुढे धरले. तिने त्यातले मूठभर घेतले, बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं, आणि आत सोडले. "आजपासून तुलापण उपवास," ती गिरणीला म्हणाली आणि बटण दाबलं.

पुढच्या संकष्टीला दोन दिवस होते तेव्हा विट्याहून फोन आला. काकी भट्टीजवळ होती, तिने मला आवाज मोठा करायला सांगितला. प्रणिताबाईंच्या मिस्टरांना पालघरहून सोडलं होतं. ते बॅग घेऊन निघालेसुद्धा होते. बायकांनी एकच गलका केला. तो थांबल्यावर प्रणिताबाईंनी जरा अडखळत विचारलं की आता परवाचा उपवास कशासाठी करायचा. झालं ना सगळं.

"तरी कर," काकी म्हणाली. "मागायचं काही नसलं की उपवास निवांत होतो."

 मग त्या म्हणाल्या, "काकू, अजून एक मागू? ती हळदकुंकवाची पुडी. पहिली. दर घाण्याची नाही, संकष्टीला तेवढी."

"पहिली पुडी विकायची नसते," काकी म्हणाली.

"विकत कुठं मागतेय मी."

काकीने माझ्याकडे बघितलं. मग कोनाड्याकडे. "अर्धी पाठवते," ती म्हणाली. "अर्धी मला लागते."

मी 'निगुती'त आणखी दोन वर्षं होतो, मग पुण्याला एका तपासणी प्रयोगशाळेत गेलो. तिथे मी आलेल्या प्रत्येक मालाचा नमुना तीन ठिकाणांहून घ्यायला लावायचो, आणि त्यातला पहिला अगदी सुरुवातीच्या मालाचा. लोक कंटाळायचे. पण पुण्याला जाईपर्यंत कराडला दर संकष्टीच्या आधी एक काम माझ्याकडे असायचं. पहिली पुडी निघाली की रत्नाक्का तिला हळदकुंकू लावायची आणि कोनाड्यात न ठेवता माझ्या टेबलावर आणून ठेवायची. मी पुडी उघडून त्यातून चिमूटभर काढायचो, काच करायचो, आरसा उन्हाकडे वळवायचो आणि मान हलवायचो. मग काकी ती समोर बसून निम्मी निम्मी करायची, एक विट्याची, एक घरची.

"आधी गिरणीचा घास, मग ह्याच्या दुर्बिणीचा," ती म्हणायची. "गणपतीला म्हणावं, थांब जरा."